निवृत्तीनंतर स्वतःच्या वरखर्चाला कात्री कुठे लावावी?

प्रश्न : निवृत्त अधिकारी, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

वयाच्या 58 व्या वर्षी मी नुकताच राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे, त्यातही 40 टक्के भागाचे अंशराशीकरण (तो भाग सोडून त्याबदली आधीच एकरकमी पैसे घेणे) करून घेतले असल्याने, महागाई भत्ता मूळ निवृत्तिवेतनावर मिळत असला तरी, महिन्याला हाती पडणारी रक्कम पगाराच्या मानाने बरीच कमी आहे. अंशराशीकरणाचा कापलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होईल, म्हणजे मी 73 वर्षांचा झाल्यावर. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही. किराणा आणि दूध यांना हात लावायला सौभाग्यवतींची परवानगी नाही. आजवर काटकसर त्यांनीच केली, आता माझी पाळी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोडून काढता येत नाही.

तेव्हा प्रश्न केवळ माझ्या वरखर्चाचा आहे. रंकाळ्यावर फिरून झाले की मंडळींचा चहा होतो, रविवारी मिसळ होते, आणि पोऱ्या बिल न विचारता माझ्याच पुढ्यात ठेवतो, कारण गेली कित्येक वर्षे ते मीच देत आलो आहे. शिवाय लग्नसराईतले आहेर, कार, पुस्तके आणि मोबाइलवरच्या वर्गण्या आहेतच. चारचौघांत चिक्कू न ठरता यातले आधी काय कमी करावे?

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी

रामराम साहेब. चहाच्या हिशेबात आत्ताच शिरू नका; आधी कार पाहा. कचेरीत जाणे संपल्यावर ती बहुतेक दिवस दारातच उभी राहते, पण विमा भरावाच लागतो, सर्व्हिसिंग करावेच लागते आणि न चालवल्याने बॅटरी उतरते ती वेगळीच. गावातल्या कामांना दुचाकी, रिक्षा किंवा केएमटीची शहर बस पुरते. जोतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला सहकुटुंब जायचे झाले तर त्या दिवसापुरती भाड्याची गाडी करावी. आम्ही तसेच करतो आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

दुसरे असे की, ओढाताण बहुधा मासिक खर्चाने होत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने होते : आरोग्य विम्याचा हप्ता, घरफाळा, दिवाळी. यासाठी मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज बाजूला ठेवतो. ते दर तिमाहीला मिळते, आणि मी पैसे ठेवले तेव्हाचा 8.2 टक्के हा दर पाच वर्षे तसाच राहणार आहे. पंधरा लाखांवर तिमाहीला 30,750 रुपये येतात, त्यामुळे निवृत्तिवेतनाला हात लावावा लागत नाही. आपण साठीच्या आत आहात. निवृत्तीच्या लाभाची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले तरच आपल्याला साठीपूर्वी या योजनेत जाता येईल, ही मुदत चुकवू नका.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

कारविषयी वर लिहिले आहे ते पटले, परंतु साहेबांचा खरा प्रश्न बिलाचा आहे आणि त्याला कोणी हात घातला नाही. पदावर असताना माणूस जो खर्च करतो त्यातला बराचसा पदाचा असतो. पद गेले की तो आपोआप थांबत नाही, थांबवावा लागतो. मात्र म्हणून रविवारची मिसळ बंद करू नये. निवृत्तीनंतर घरात बसून राहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे जे वाचते ते डॉक्टरकडे जाते. आमच्या मैत्रिणींच्या गटात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्वांनी सारखी वर्गणी काढायची आणि ती एकीकडे ठेवायची, अशी पद्धत आहे. बिल त्यातूनच दिले जाते. कोण देणार, हा प्रश्नच उरत नाही आणि मिसळीचा कट वाढून घेताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. हा प्रस्ताव आपणच मांडावा, कारण आजवर देत आलेल्या माणसाने मांडला तर तो कोणाला लागत नाही.

आहेराचे मात्र कठोरपणे ठरवावे. सख्खे, चुलत-मावस आणि ओळखीचे अशा तीन रकमा वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवाव्यात आणि मांडवात ऐनवेळी पाकिटातली नोट वाढवू नये. कचेरीतल्या ओळखींच्या पत्रिका वर्षभरात आपोआप कमी होतात, हेही सांगून ठेवते.

आरोग्य विम्यात काटकसर करू नये. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेल्याने तो भार थोडा हलका झाला आहे. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात का, हे डॉक्टरांना विचारून पाहावे. एसटीचे अर्धे तिकीट आपल्याला 65 व्या वर्षी मिळेल, वहिनींना महिला म्हणून आजही मिळते.

उत्तर : वाचक, भवानी मंडप परिसर

पुस्तकांपुरते सांगतो : करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आपल्या गावात आहे. सभासद व्हा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ग्रॅच्युइटी गेल्या महिन्यात जमा झाली आहे, म्हणजे मुदत अजून हातात आहे. या आठवड्यातच पोस्टात जातो. वर्गणीची गोष्ट ताईंनी नेमकी सांगितली, येत्या रविवारी मांडतो. कारचा विमा पुढच्या महिन्यात संपतो. ती त्याआधी विकावी की विमा भरून विकल्यास भाव बरा येतो, एवढे कोणी जाणकाराने सांगावे.