दुपदरी रस्त्यावरील ओव्हरटेक, घाट आणि रात्र: नाशिक परिसरातील अनुभव

नाशिक शहर मागे टाकून पेठ, वणी, कळवण किंवा हरसूलच्या दिशेने निघाले की बहुतेक ठिकाणी दुभाजक संपतो, आणि समोरून येणारी गाडी व आपण यांच्यात रंगाचा एक पट्टा तेवढा उरतो. नोकरीनिमित्त चार वर्षे वणीला जाता-येताना मी सर्वांत जास्त घाबरले ती एकदाच: ट्रकच्या अगदी मागे असताना उजवीकडे डोकावले आणि समोर बस दिसली. ब्रेक दाबून पुन्हा ट्रकच्या मागे येता आले, कारण ती जागा तोवर दुसऱ्या कोणी घेतली नव्हती. अशा रस्त्यांवर आपण नेमके काय करता, ते प्रसंगासह लिहावे, ही विनंती.

निवृत्त एसटी चालक, पेठ मार्ग

ताई, आपली चूक डोकावण्यात नव्हती, ट्रकला चिकटण्यात होती. ट्रकपासून दहा मीटरवर असलो की डोळ्यांपुढे फक्त फाळका असतो. तेच अंतर चाळीस मीटर ठेवले तर गाडी न हलवता उजवीकडचा बराच रस्ता दिसतो, आणि रस्ता डावीकडे वळत असेल तर ट्रकच्या डाव्या बाजूनेही पुढचे कळते. आता हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने आपण आठ सेकंदांत सुमारे १७८ मीटर जातो. समोरची गाडीही त्याच वेगात असेल तर तीही तेवढीच पुढे येते. म्हणजे आठ सेकंदांच्या ओव्हरटेकला साडेतीनशे मीटरहून अधिक मोकळा रस्ता दिसायला हवा. तो दिसत नसेल तर मी मागेच राहत असे, प्रवाशांनी कितीही घाई केली तरी.

सावळघाटासारख्या उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करून सोडलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की पकड जाते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे; चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा उचलणे किती कठीण असते, हे चालवणाऱ्यालाच कळते.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

हंगामात पहाटेच्या अंधारात आमचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. शेजारच्या गावात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, तेव्हापासून मी प्रत्येक ट्रॉलीला लाल परावर्तक पट्ट्या लावून घेतल्या. गाडीवाल्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. शेतातून निघालेल्या टायरांचा चिखल डांबरावर पडतो आणि त्यावर पहिल्या पावसाचे चार थेंब पडले की रस्ता साबणासारखा होतो. बांधावरून रस्त्याला मिळणारी वाट दिसली की तिथे आधीच वेग कमी करावा.

दुचाकीस्वार, त्र्यंबकेश्वर परिसर

एकदा समोरून ओव्हरटेक करत आलेल्या जीपला जागा देताना माझे पुढचे चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरले. घाबरून हँडल एकदम ओढले असते तर कड लागून मी रस्त्याच्या मध्यावर पडलो असतो. मी ॲक्सिलरेटर सोडला, हँडल सरळ ठेवले आणि वेग बराच कमी झाल्यावर, जिथे कड बुटकी होती तिथून वर आलो.

कारचालक, नाशिक रोड

पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी त्र्यंबकेश्वरी येतात. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर असताना त्या उजेडाच्या कडेने चालणारी माणसे अजिबात दिसत नाहीत. मी नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवते, स्वतः डिपर देते आणि आपल्या दिव्यात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवते. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की तो ‘पुढे जा’ म्हणतो की स्वतः वळणार आहे, हे मात्र मला अजून कळत नाही. काका, आपण काय करत होतात?

निवृत्त एसटी चालक, पेठ मार्ग

त्या खुणेवर विसंबून मी कधीच निघालो नाही. उजवीकडे ढाबा, पेट्रोल पंप किंवा शिवाररस्ता असेल तर तो वळणार असेच धरून मागे थांबत असे. तसे काही नसेल तरी स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता पाहून, हॉर्न देऊन आणि ट्रक डावीकडे सरकल्याची खात्री करूनच बाहेर पडावे. उजवा इंडिकेटर चालू असताना ट्रकचा वेग कमी होत असेल, तर मात्र अजिबात निघू नये.