गावच्या शाळेतली परसबाग आणि तिचा सोहळा : तुमचे अनुभव लिहा

शाळेच्या परसबागेतली भाजी निघायला लागली की हल्ली बऱ्याच गावांत छोटा कार्यक्रम करतात. तुमच्यापैकी कुणी मदतीला गेलं असेल तर मोकळेपणाने लिहा, नेमकं काय काय केलं ते हवंय. सुरुवात मी करते.

आमचा ग्रुप पुण्याहून अकोले तालुक्यात जातो, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं कोंभाळणे गाव ज्या तालुक्यात आहे तोच, त्यामुळे गावठी बियाण्याचं महत्त्व तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, उलट आपणच शिकून येतो. वाडीवरची दोनशिक्षकी शाळा आहे. भेंडी, गवार, दोडका, काकडी सगळं पोरांनी लावलेलं आणि कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण. कार्यक्रम ऑगस्टात, आदिवासी दिनाच्या सुमारास ठेवला होता. गावातल्या आज्ज्या रानभाज्या घेऊन आल्या, कुर्डू, भारंगी, करटोली, चाईचा बार. भारंगी कडू असते, पाला उकळून पाणी पिळून टाकायचं हे एक आजी सांगत होत्या आणि चौथीतली पोरं वहीत लिहून घेत होती, ते बघून फार बरं वाटलं. पाहुण्यांना बाग मुलांनीच फिरून दाखवली. एक मुलगी तर साहेबांना सरळ म्हणाली, "वाफ्यात पाय नका देऊ, मेथी पेरलीय." साहेब पटकन बाजूला झाले!

भाषणं दोनच झाली, मग जेवण. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी धरलेली असते, म्हणजे 60 मुलांना रोज 3 किलो. एवढी भाजी छोट्या बागेतून रोज निघत नाही, तशी अपेक्षाही करू नये. पण त्या दिवशी आमटीत पडलेला दोडका आपण लावलेला आहे हे कळल्यावर एरवी दोडका बाजूला काढणारी मुलं परत वाढून घेत होती. माझ्या मते सोहळा यासाठीच करायचा.

---

ताई, मस्त लिहिलंय. आमचं गाव माण तालुक्यात, तिकडं सगळा खेळ पाण्याचा. मी रिटायर झाल्यापासून गावच्या शाळेत जातो. जेवणाआधी मुलं जिथं हात धुतात आणि नंतर ताटं विसळतात ते पाणी आम्ही चर काढून खडी-वाळूतून केळी आणि अळूकडं वळवलं, आणि वांग्याला सलाईनच्या रिकाम्या बाटल्या काठीला बांधून थेंब थेंब. प्रत्येक बाटली एका मुलाची, सकाळी आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी तो बाटली भरणार.

आमचा सोहळा भोगीला असतो. जानेवारीत वाल, वांगी, गाजर, ओला हरभरा सगळं एकदम मिळतं, हरभरा तेवढा शेजारच्या रानातून येतो. आया चुली मांडतात, तीळ घालून भोगीची मिसळ भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. वेगळा मंडप नाही की पाहुणा नाही, सगळं गाव आपसूक येतं कारण सण घरचाच आहे, आणि मला हेच खूप महत्त्वाचं वाटतं, की कार्यक्रमाची तारीख गावाच्या पंचांगातली पाहिजे, ऑफिसच्या कॅलेंडरवरची नको.

आणि मे महिन्याचं आधी ठरवा! सुट्टीत शाळेला कुलूप असतं, तेव्हा बाग कोण बघणार हे मार्चमध्येच बोलून घ्यायचं. आम्ही पालेभाजी थांबवतो, फक्त शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू जगवतो. पाणी घालायला शाळेजवळच्या घरांनी वार वाटून घेतलेत.

---

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे प्रॉब्लेम वानरांचा, म्हणून हळद, सुरण, अळू यावरच भर, वानरं त्याला फारशी लागत नाहीत. नागपंचमीला शाळेतल्या हळदीची पानं काढून पातोळ्या केल्या. तांदळाचं पीठ पानावर थापायला मुलगे पण बसले, आणि वाफ आल्यावर जो वास सुटला की रस्त्यावरून जाणारे आत आले. फार खर्च नाही, नारळ-गूळ घराघरातून आला.

---

आमच्या वाशीमकडे बालबाजार भरवतात. मेथीच्या जुड्या, मुळे, कोथिंबीर घेऊन पोरं बसतात, वजनकाटा पोरांच्याच हातात. अर्धा किलोचे किती, पावशेरचे किती, तोंडी हिशोब असा फटाफट करतात की वर्गात गप्प बसणारं पोरगं हेच का असं वाटते. एक विनंती मात्र आहे, पाहुण्यांना शाल-नारळ देण्यात पैसे घालू नका, त्याच पैशात लहान खुरपी येतात, मुलांच्या हाताला मोठी खुरपी जड जाते.

---

@वाशीम, खुरप्यांचं एकदम पटलं, पुढच्या खेपेला आणतोच. अकोल्याच्या ताई, तुमच्याकडं गावठी वालाचं बी जास्तीचं असेल तर आमच्या माणच्या शाळेला हवंय. आम्ही बदल्यात वांग्याचं देऊ, राख लावून ठेवलंय.

---

आहे ना काका, वालाचे दोन-तीन प्रकार आहेत. मुलांनाच पाकिटं करायला सांगते, प्रत्येकावर कधी पेरायचं ते तीच लिहितील.