मदत हवी आहे : दोघांनीच कॅरेबियन क्रूझ, आणि त्यात बार्बाडोस-त्रिनिदाद हवंच

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापुरातले. मी 58, हे 63. खानापूर तालुक्यात मराठी हायस्कुलात शिकवत होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला 35 वर्षं होतील. आजवर दोघंच असे कुठे गेलोच नाही. गोवा, पंढरपूर, एकदा हंपी, तेसुद्धा घरच्या गोतावळ्यासकट. या वेळी मुलीनं आणि जावयानं जोर धरलाय की लांब जा आणि दोघंच जा.

कुठे जायचं हे ह्यांनी कधीच ठरवून ठेवलंय. माझ्या सासऱ्यांनी एका जाड वहीत क्रिकेटची कात्रणं चिकटवून ठेवली होती, ती अजून आमच्या ट्रंकेत आहे. 1971 चा वेस्ट इंडीज दौरा, वाडेकर कप्तान, गावसकरच्या 774 धावा, सरदेसाईच्या 642. पुढे 1976 ची त्रिनिदादमधली पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी. 403 हव्या होत्या, आपण 4 बाद 406 केल्या. त्या कात्रणावर गावसकर 102 आणि विश्वनाथ 112 ही दोन नावं शेजारी शेजारी आहेत. हे तेव्हा 14 वर्षांचे होते. एक मुंबईचा आणि एक कर्नाटकाचा अशी वाटणी आमच्या सासऱ्यांनी कधी केली नाही, दोघंही घरचेच. 29 जून 2024 ला बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमधला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना संपला तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. हे टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. मग म्हणाले, "एकदा ते मैदान बघून यायचं." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

आता अडचण सांगते. आम्ही शहरातल्या एका एजंटाकडे गेलो. त्यानं "कॅरेबियन क्रूझ, चार रात्री, दोघांसाठी खास" म्हणून वीस हजार आगाऊ घेतले. घरी येऊन नकाशा काढला तर जहाज मायामीहून निघतं, नासाऊला थांबतं, कंपनीच्या एका खासगी बेटावर एक दिवस आणि परत मायामी. बार्बाडोस नाही, त्रिनिदाद नाही. विचारायला गेले तर "सगळं एकच हो काकू, निळं पाणी, पांढरी वाळू" म्हणाला. पैसे परत द्यायलाही तयार नाही. मला फार लागलं ते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर मला खरंच मदत हवी आहे. आम्हाला हवी ती बेटं येतील अशी क्रूझ मिळते का, आणि आमच्या वयाच्या माणसांनी ग्रुपशिवाय जावं का? माझं पोट पाण्यावर टिकत नाही. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीनं गेलो तेव्हा माझी जी अवस्था झाली ती आठवली तरी घाम येतो. ह्यांना मधुमेह आणि बीपी आहे. दोघांचे पासपोर्ट आहेत पण अमेरिकेचा व्हिसा कधी काढला नाही. आणि एक : माझं माहेरचं नाव वेगळं, लग्नात नाव बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार-पासपोर्टवर दुसरं. त्यावरून अडवतील का?

निपाणीकर

ताई, आधी तुमच्या एजंटाचं बोलतो. त्यानं जी विकली ती बहामाची सहल. बहामा बेटं अटलांटिक महासागरात येतात, कॅरिबियन समुद्रात नाहीत. सहल वाईट नाही, पण तुम्हाला हवी ती नव्हे. पावती असेल तर त्यावर नेमकं काय लिहिलंय बघा, आणि पैसे परत मागायचे ते लेखीच मागा, तोंडी नको.

कॅरेबियनच्या क्रूझ ढोबळमानानं तीन बाजूंना जातात. पश्चिमेकडच्या मेक्सिकोचं कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका असं करतात. पूर्वेकडच्या सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सान हुआन. तुमचं काम तिसऱ्या बाजूचं, दक्षिणेचं. त्यासाठी मायामीहून निघायचा हट्ट सोडा. मायामीहून दक्षिणेकडे जायचं तर दोन-तीन दिवस नुसतं पाणीच बघावं लागतं. पोर्टो रिकोच्या सान हुआनहून हिवाळ्यात सात रात्रींची जहाजं सुटतात, आणि त्यातल्या बऱ्याच मार्गांवर बार्बाडोस असतं. सेंट लुसिया, अँटिग्वा वगैरेही येतात. सेंट लुसियाचे दोन पिटॉन डोंगर समुद्रातून सरळ वर आलेले दिसतात, ते मी आयुष्यात विसरणार नाही.

आम्ही दोघं असेच गेलो होतो, ग्रुप नव्हता. तुमच्यासारखीच भीती होती. प्रत्यक्षात जहाजावर ग्रुपची गरजच वाटली नाही. खोली तीच, जेवण तिथेच, सामान एकदाच उघडायचं. त्रास झाला तो विमानाचा. म्हणून एक सांगतो, जहाज सुटायच्या दिवशी पोचायचं तिकीट कधीही काढू नका. एक दिवस आधी पोचा, जमलं तर दोन. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

ब्रिजटाऊनला जहाज थेट धक्क्याला लागतं. तुमचं ते मैदान, केन्सिंग्टन ओव्हल, बंदरापासून जवळच आहे, टॅक्सीनं काही मिनिटं. बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. मला आत जायला मिळालं नाही, वेळ कमी पडला. तुम्ही त्या दिवशी दुसरी कुठलीही सहल घेऊ नका, सगळा दिवस मैदानालाच द्या.

पोर्ट ऑफ स्पेनला मात्र कमी जहाजं जातात. बार्बाडोसहून विमानानं तासाभराचा प्रवास आहे. क्रूझ संपल्यावर तिकडे दोन दिवस काढता येतील. बार्बाडोस आणि त्रिनिदाद दोन्हीकडे भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. पण सान हुआन अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा चुकत नाही.

हिंडलग्याची डॉक्टरीण

काकू, त्रिनिदाद ठरवायच्या आधी हे नक्की वाचा. त्रिनिदाद पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथे जाऊन भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं, नसेल तर विमानतळावरच विलगीकरणात ठेवू शकतात. लस एकदा घेतली की जन्मभर चालते, पण घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय, चोर्ला घाटानं गेलं की दिवसात परत येता येतं.

आता खरी गोष्ट. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. काका 63 आणि मधुमेही. त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्रिनिदादची तिकिटं काढू नका. बार्बाडोसला हा प्रश्न नाही. कोलंबिया आणि पनामाही त्याच यादीत आहेत, जहाज तिकडे जाणार असेल तर तेही विचारा.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत येतात, इन्सुलिन त्यात असलं तर पंचाईत होते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या, ब्रँडच्या नावानं नको. बार्बाडोसचं घड्याळ आपल्या मागे साडेनऊ तास आहे, गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घ्या. प्रवास विम्यात मधुमेह-बीपी लपवू नका. लपवलं तर दावा फेटाळतात. जहाजावरचा डॉक्टर फार महाग पडतो, म्हणून विमा चांगल्या रकमेचा हवा.

आणि साबणानं हात धुवा. जहाजावर उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस पसरतो, त्याच्यावर सॅनिटायझर पुरेसं काम करत नाही.

चोर्ला घाट

मी बारा वर्षं क्रूझ जहाजावर जेवणाच्या विभागात काम केलंय, आता कणकुंबीला घरी आहे. वहिनी, सिंधुदुर्गाच्या होडीवरून जहाजाचा अंदाज बांधू नका. होडी प्रत्येक लाटेवर उचलते. मोठ्या जहाजाला बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, डुलणं बरंच कमी होतं. तरी खोली घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. लोक सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची बाल्कनी घेतात आणि मग रात्रभर पोट धरून बसतात. बाल्कनी हवीच असेल तर तीही मधलीच घ्या. गोळी कुठली ते डॉक्टरांना विचारा, अव्होमिननं झोप फार येते. आलेपाक बरोबर असू द्या.

मार्गात ग्रँड केमनसारखं बंदर असलं तर जहाज लांब समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीनं, म्हणजे टेंडरनं, किनाऱ्यावर नेतात. तुमच्यासारख्यांनी बुक करतानाच विचारायचं, कुठल्या बंदरात टेंडर आहे म्हणून.

माझं म्हणणं, आधी घराजवळ परीक्षा घ्या. कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून गोव्याकडे जातं. दोन-तीन रात्री काढून बघा. पोट टिकलं तर पुढे निर्धास्त जा. नाही टिकलं तर अमेरिकेपर्यंत जाऊन रडण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी आहोत हे बुकिंगमध्येच लिहा, आणि पहिल्या रात्री मुख्य जेवणघरात हेड वेटरला भेटून सांगा. आदल्या दिवशी सांगितलं की दुसऱ्या रात्री डाळ-भाजी करून देतात, आम्ही स्वतः दिली आहे. घरचा फराळ जहाजावर चढू देत नाहीत. कारखान्यातून बंद पाकिटात आलेलं सुकं खाणं चालतं. किटली आणि इस्त्री काढून घेतात, त्या नेऊच नका.

पैशांचं : जाहिरातीतला दर माणशी असतो आणि तो खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे कर, आणि माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर टीप. सात रात्रींचे तुम्हा दोघांचे 224 ते 280 डॉलर झाले. त्यातून आमच्यासारख्यांची घरं चालतात, म्हणून ती काढून टाकायला सांगू नका अशी विनंती. फोन जहाजावर चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचं बिल बघून धडकी भरते.

अनगोळची सून

मावशी, नावाचं मी सांगते, कारण माझंही लग्नात नाव बदललं आणि मी दोन वर्षांपूर्वी व्हिसा काढला. अमेरिकेच्या व्हिसासाठीच्या डीएस-160 अर्जात "आधी वापरलेली दुसरी नावं" असा प्रश्न असतो. तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. लपवलं तर अडचण, लिहिलं तर काही नाही. बाकी सगळं पासपोर्टवर आहे तस्संच. पासपोर्टवर बेळगावचं स्पेलिंग जुनं असेल तर अर्जातही जुनंच, बेळगावी करायला जाऊ नका. विमानाची आणि जहाजाची तिकिटंही पासपोर्टवरच्या नावानंच. विवाह नोंदणीचा दाखला मात्र जवळ ठेवा. तो कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

कर्नाटकातले म्हणून व्हिसाच्या मुलाखतीला चेन्नईलाच जायला हवं असं काही नाही. मी मुंबई घेतली, रात्रीच्या गाडीनं गेले. आधी बोटांचे ठसे, मग दुसऱ्या दिवशी मुलाखत. मी काढला तेव्हा फी माणशी 185 डॉलर होती, व्हिसा मिळो न मिळो परत येत नाही. भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा मिळतो. क्रूझला तोच लागतो, कारण जहाज अमेरिकेतून बाहेर जाऊन परत येतं. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय क्रूझचे पूर्ण पैसे भरू नका.

आणि फेब्रुवारी अगदी बरोबर निवडलात. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्या अंतिम सामन्यानंतर आपला संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसातच अडकून पडला होता, काकांना आठवत असेलच.

शहापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धीर करून ह्यांना एजंटाचं सांगितलं. रागावले नाहीत. नकाशा पुढ्यात घेऊन तासभर बसले आणि म्हणाले, "बार्बाडोस झालं तरी मला पुष्कळ आहे. त्रिनिदादचं डॉक्टर काय म्हणतात ते बघू." एजंटाला लेखी पत्र दिलं, पोच घेतली. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहोत. मुंबई-गोवा जहाजाचं दिवाळीनंतरचं बघतोय.

दोन गोष्टी राहिल्या. केन्सिंग्टन ओव्हल सामना नसताना आतून बघायला मिळतं का, आणि त्यासाठी आधी कुणाला लिहावं लागतं? आणि सान हुआनहून निघणाऱ्या जहाजावर आपल्या वयाचं कुणी मराठी जोडपं फेब्रुवारीत जाणार असेल तर कळवा, सोबत होईल.

सासऱ्यांची वही ह्यांना बरोबर न्यायची आहे. ती मी औषधांच्याच पिशवीत ठेवणार आहे.