अनुभव धागा: आपला महिला हँडबॉल क्लब कसा उभा राहिला, कसा टिकला?

क्लबचा इतिहास लिहायला बसलं की हाती लागतात चषक, संघाचे फोटो आणि अध्यक्षांच्या नावांची पाटी. सराव किती वाजता असायचा, मुली कुठून यायच्या, मधली काही वर्षं संघ स्पर्धेत उतरलाच का नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. महिला संघाच्या बाबतीत तर हमखास. पुरुष संघाचे गुणतक्ते कार्यालयात असतात, आमचे कुणाच्या तरी घरच्या कपाटात.

आणि हा खेळ तर मुळात बायकांसाठी बांधला गेला! 1917 साली बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी ‘टोरबाल’चे नियम केले ते मुली-बायकांना खेळता यावं म्हणून. अंगाला अंग भिडवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. दोनच वर्षांत कार्ल शेलेंझ यांनी चेंडू लहान केला, अडवाअडवीला मुभा दिली आणि पुरुष मैदानात आले. पुढे पुरुषांचं हँडबॉल 1936 च्या ऑलिंपिकमध्ये होतं, मैदानावरचं, अकरा जणांचं. महिलांना ऑलिंपिकचं दार उघडलं 1976 साली, माँट्रिअलला, तेही फक्त सहा संघांसाठी. हॉलमधल्या हँडबॉलची जागतिक स्पर्धा पुरुषांना 1938 साली मिळाली, महिलांना 1957 साली.

ही तफावत आपापल्या क्लबमध्ये कशी दिसली ते लिहा. संघ कुणी सुरू केला, हॉल कसा मिळवला, कुठे खंड पडला. जिंकल्याच्या गोष्टीही लिहा, पण फक्त त्याच नकोत.

पहिल्या संघातली लेफ्ट बॅक

आमचा संघ निघाला तेव्हा हँडबॉल खेळलेली एकही मुलगी नव्हती. निम्म्या बास्केटबॉलमधून आलेल्या, बाकीच्या धावपटू. बास्केटबॉलवाल्या चेंडू हातात आला की दोन पावलांवर थांबायच्या, कारण सवयच तशी. इथे तीन पावलं घेता येतात आणि ते तिसरं पाऊलच उडी मारायचं असतं. ते अंगात मुरायला एक अख्खा हंगाम गेला.

सरावाला चेंडू पुरुषांचे. पुरुषांच्या चेंडूचा घेर 58 ते 60 सेंटिमीटर, वजन 425 ते 475 ग्रॅम. महिलांचा 54 ते 56 सेंटिमीटर आणि 325 ते 375 ग्रॅम. म्हणजे सुमारे 100 ग्रॅमचा फरक. पहिल्या अधिकृत सामन्यात नियमाचा हलका चेंडू हातात आला आणि आमचे फटके गोलच्या वरून जाऊ लागले. त्यानंतर आम्ही क्लबकडे केलेली पहिली लेखी मागणी होती स्वतःच्या चेंडूंची. तो अर्ज अजून आहे माझ्याकडे. आमच्या संघाचा जन्मदाखला मी त्यालाच मानते.

माजी सचिव, आधी राइट विंग

मी खंडाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

एका हंगामात आमच्या चार जणी एकदम गेल्या. दोघी शिक्षणासाठी, एक बाळंतपणासाठी, एक नोकरीच्या पाळीमुळे. कोर्टवर सात लागतात, पण एक तास खेळायचं तर बाकावरही माणसं हवीत. पंचांनी शिक्षा म्हणून कुणाला दोन मिनिटं बाहेर बसवलं की उरलेल्यांनी सहा जणींत भागवायचं आणि नंतर श्वास घ्यायला बदली नाही. आम्ही नाव मागे घेतलं. कागदावर एवढंच राहिलं: ‘महिला संघ सहभागी नाही.’

पण त्या काळात काय चाललं होतं? हॉलची वेळ. हॉलची वेळ एकदा सुटली की दुसरा खेळ ती घेतो, मग मागून मिळत नाही. आम्हाला दिवसातली शेवटची वेळ होती, इतर कुणाला नको असलेली. तीसुद्धा जाऊ द्यायची नाही असं आम्ही ठरवलं. तिघी-चौघी जमायचो, कधी दोघीच. दोघींत पास आणि गोलवर फटके एवढंच होतं. हजेरीपटावर मात्र रोज सही. कार्यकारिणीत विषय निघाला, ‘संघच नाही तर वेळ कशाला?’ तेव्हा मी तो पट पुढे ठेवला. त्याच वेळेत पुढे शाळकरी मुलींचा गट बसवला आणि त्यातूनच संघ परत उभा राहिला. आजच्या संघाची कर्णधार त्या गटातली आहे.

आमच्या स्मरणिकेत ही वर्षं कोरी आहेत. माझ्या मते क्लबचा खरा इतिहास तोच. चषक नसते तरी क्लब असता; ती वेळ गेली असती तर नसता.

गोलरक्षक

सचिवताई, तुमचं वाचून भरून आलं. आमच्याकडेही अगदी असंच झालं.

माझं थोडं वेगळं. गोलरक्षकांना प्रशिक्षक कधीच नव्हता. जुनीने नवीला शिकवायचं. विंगवरून, म्हणजे कडेने, फटका आला तर जवळचा खांब कसा झाकायचा, सात मीटरच्या थ्रोला (पेनल्टीला) किती पुढे यायचं, हे मला माझ्या आधीच्या ताईंनी शिकवलं आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. 2016 च्या नियमबदलानंतर गोलरक्षकाला बाहेर काढून सातवी खेळाडू हल्ल्यात आणणं सोपं झालं. तेव्हा मी बाकावर बसून रिकामा गोल पाहायची आणि चेंडू सुटला की धावत आत. ही धाव कशी वेळेत घ्यायची ते मीच शोधलं, आता पुढचीला शिकवते आहे. हे कुठल्या नोंदीत येणार?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत आलेली पिव्होट

आमच्या क्लबमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या मुलींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या, रेषेवर बचावपटूंच्या मध्ये उभं राहायचं, पाठीवर धक्के झेलत वळायचं, हेच पिव्होटचं काम. माझा गुडघा मात्र धक्क्याने गेला नाही, दिशा बदलताना गेला. नॉर्वेत महिला हँडबॉल संघांसोबत तोल आणि उडीनंतर नीट उतरण्याच्या व्यायामांवर काम झालं. तसे व्यायाम आमच्या वॉर्म-अपमध्ये आले ते खूप उशिरा, एका फिजिओथेरपिस्ट मुलीच्या हट्टामुळे. क्लबच्या इतिहासात तिचा हट्ट यायलाच हवा.

प्रशिक्षक

कीव्हच्या स्पार्टाक या महिला हँडबॉल क्लबचं उदाहरण मी मुलींना नेहमी देतो. 1970 ते 1988 या काळात युरोपचा चषक 13 वेळा! प्रशिक्षक इगोर तुर्चिन यांचं नाव सगळे घेतात. पण त्याच संघात झिनाइदा तुर्चिना होत्या, 1976 आणि 1980 च्या ऑलिंपिक सुवर्ण संघांतही होत्या. आपल्या क्लबचा इतिहासही प्रशिक्षकांच्या नावांनी लिहिला जातो. मी स्वतः प्रशिक्षक आहे आणि मला ते खटकतं. खेळाडूंची यादी आधी छापा, आमची नंतर.

धागा काढणारी

प्रशिक्षक सर, यादीचं काम सुरू केलंय. सचिवताई, हजेरीपटाच्या पानांचे फोटो काढून ठेवाल का? सह्या पुसट व्हायच्या आत. लेफ्ट बॅक ताई, तो अर्जही हवा आहे, तारखेसकट. ज्यांच्याकडे जुने गुणतक्ते आहेत त्यांनी मागची बाजूही पाहा. आमच्याकडे तिथे बदली खेळाडूंची नावं पेन्सिलीने लिहिलेली सापडली, समोरच्या बाजूला ती कुठेच नव्हती.

आणखी कुणाच्या क्लबात खंड पडला होता? त्या वर्षांबद्दल आधी लिहा.