'झिणझिणीत' हा शब्द आहे की छपाईची चूक? (चिनी 'मा-ला'साठी मराठी शब्द हवा)

पाटावरवंटा
नमस्कार मंडळी, एक अडलंय. एका इंग्रज प्रवाशाचा चेंगडूवरचा लेख मराठीत करतेय. चेंगडू म्हणजे सिच्वान प्रांताची राजधानी. हे गृहस्थ खानावळीत बसतात आणि पाठ करून आणलेलं 'बू ला', म्हणजे 'तिखट नको', असं बजावून सांगतात. बाई मान डोलावते. ताट येतं, त्यात खरोखरच मिरची नसते. तरी चौथ्या घासाला त्यांचे ओठ थरथरायला लागतात, जिभेचा शेंडा परका वाटायला लागतो. त्यांना वाटतं, अ‍ॅलर्जी झाली. ते घाबरून उठतात, तर शेजारचे आजोबा हसून ताटातलं एक लालसर फुटकं टरफल चॉपस्टिकने उचलून दाखवतात आणि म्हणतात, 'मा'. तुम्ही 'ला' नको म्हणालात, 'मा' नको असं कुठे म्हणालात?

इंग्रजीत त्यांनी 'नम्बिंग' असं लिहिलंय. मी आधी 'बधिर करणारं' लिहिलं. वाचून पाहिलं तर दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. मग 'झिणझिणीत' केलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला झिणझिण्या येतात, तशा जिभेला. जिथे लेख छापायचाय तिथल्या मुद्रितशोधकांनी त्याचं सरळ 'झणझणीत' केलं. आता वाक्य असं झालंय: 'मिरची नसूनही भाजी झणझणीत होती.' सगळा लेख ज्या फरकावर उभा आहे तोच पुसला गेला. फोन केला तर म्हणाले, झिणझिणीत असा शब्द मराठीत नाही. सोमवारपर्यंत मुदत आहे. काय लिहू?

मूळशोधक
झणझण आणि झिणझिण हे दोन्ही नादावरून आलेले शब्द. झांजेची झणझण, घुंगरांची झिणझिण. मराठीने हा नाद कानातून काढून अंगात नेला: डोक्यात झणझणलं, पायाला झिणझिण्या आल्या. म्हणजे दोन्ही मुळात कंपनाचे शब्द आहेत. आणि गंमत पाहा, २०१३ साली लंडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ही सिच्वानची मिरी, म्हणजे आजोबांनी उचलून दाखवलेलं तेच टरफल, लावली, त्याच वेळी बोटाला यंत्राने कमी-जास्त कंप दिला आणि दोन्ही कधी सारखे वाटतात ते विचारलं. उत्तर आलं साधारण ५० हर्ट्झच्या आसपास. आपल्या घरातल्या विजेचीही वारंवारता ५० हर्ट्झच. म्हणजे ओठ खरंच 'वाजतात' असं मेंदूला वाटतं! तेव्हा ताई, तुमचा शब्द मुळाला धरून आहे. सोडू नका.

शुद्धलेखनी
मुळाला धरून असला तरी वाचकाला तो चूकच वाटणार. एका वेलांटीवर इतका भार टाकू नये. 'बधिर' हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. दुसरं, तुम्ही 'सिच्वान' लिहिलंत त्याबद्दल अभिनंदन. 'शेजवान' लिहून लिहून लोकांनी एका प्रांताच्या नावाचं मातेरं केलंय.

सातासमुद्र
बधिरमध्ये काहीच होत नाही, शुद्धलेखनी. बधिर म्हणजे जाणीव गेली. इथे उलट जाणीव दुप्पट होते.

इंग्रजीवाल्यांना या चवीला शब्द का नाही, त्याला अमेरिकेत एक सरळ कारणही आहे. १९६८ पासून २००५ पर्यंत या मिरीच्या आयातीवर तिथे बंदी होती. लिंबूवर्गीय झाडांना होणारा कँकर हा रोग तिच्यासोबत येईल अशी भीती होती. पुढे उष्णता देऊन जंतू मारण्याच्या अटीवर बंदी उठली. बंदीची अंमलबजावणी ढिली होती, चिनी वस्तीतल्या दुकानांत पुड्या मिळायच्याही, पण बहुतेक हॉटेलांत 'सिच्वान' म्हणजे नुसती लाल मिरची. मी १९९४ मध्ये न्यू जर्सीत आलो. पहिली दहा वर्षं मी जे सिच्वान म्हणून खाल्लं, त्यात 'मा' नव्हताच. २००६ मध्ये एका चिनी सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं तेव्हा ओठांना पहिल्यांदा ते कळलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, 'अरे, जिभेला मुंग्या आल्या!'

पाटावरवंटा
मुंग्या! हा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

दूरदेशी
सिंगापूरहून. सातासमुद्र, तुम्ही नकळत चिनी माणसासारखंच बोललात. पायाला मुंग्या आल्या की चिनीत पाय 'मा' झाला असंच म्हणतात, शब्द तोच. फार गोड-गोड प्रेमाचं बोलणं ऐकून अंगावर काटा येतो त्याला 'रो-मा' म्हणतात, म्हणजे मांसाला मुंग्या. पण शुद्धलेखनींची बाजूही अगदी सोडून देण्यासारखी नाही, कारण शस्त्रक्रियेआधी जी भूल देतात तिचं नाव 'मा-त्स्वे', त्यातही हाच 'मा'. म्हणजे चिनीत मुंग्या आणि बधिरपणा एकाच शब्दात राहतात. आपण ते वेगळे ठेवतो.

आणि एक सावधगिरी. लेखात 'मापो तोफू' आलं असेल तर तिथला 'मा' म्हणजे मुंग्या नव्हेत. तो देवीच्या व्रणांचा. एकोणिसाव्या शतकात चेंगडूत चेन आडनावाच्या घरातली, तोंडावर देवीचे वण असलेली बाई हा पदार्थ करायची, म्हणून 'वणवाल्या म्हातारीचं तोफू'. अक्षर तेच, अर्थ निराळा. पदार्थात ही मिरी घालतातच, त्यामुळे इंग्रजी लिहिणारे हमखास फसतात.

खाजणातली
सगळी चर्चा वाचली आणि राहवेना. अहो, तुम्ही ज्याला शब्द शोधताय ते आमच्या वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात डब्यात भरलेलं असतं. तिरफळ! त्रिफळा चूर्ण नव्हे, तिरफळ. गोव्यात तेफळ म्हणतात. ती चिनी मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली भावंडं आहेत, झँथॉक्सिलम. काटेरी खोडाचं उंच झाड, पावसाळा सरता सरता हिरव्या फळांचे घोस उतरवतात. उन्हात टाकलं की फळ तडकतं, तोंड उघडतं आणि आतून काळी चकचकीत बी डोकावते. बी टाकायची, टरफल ठेवायचं. चीनमध्येही बी टाकतात आणि टरफलच वापरतात. त्या आजोबांनी चॉपस्टिकने उचललं ते हेच.

बांगड्याचं तिखलं, उडदामेथी, तिरफळाशिवाय होत नाही. सात-आठ तिरफळं पाण्यात भिजवून जरा ठेचायची आणि कालवणात शेवटी सोडायची. लहानपणी चुकून एक दाताखाली आलं की मी रडायचे. आजी म्हणायची, 'जीभ चुणचुणता काय? चुणचुणांदे, मासो पचता.' आमचा शब्द 'चुणचुणणे'. तो इतका जुना, इतका नेमका असताना नवीन शब्द कशाला घडवायचा?

लवंगी
कोल्हापूरहून. चुणचुण आमच्याकडे जखमेची असते. आणि विशेषण करायला गेलात तर 'चुणचुणीत' होईल, म्हणजे हुशार पोर! 'चुणचुणीत तोफू' छापलं तर वाचक काय समजेल?

पण तोंडाचे आपले शब्द मोजून बघा एकदा. मिरची झोंबते. अळू, सुरण खवखवतं. चुना लागला तर तोंड पोळतं, मग हुळहुळतं. फोडणीचा ठसका लागतो. आंब्याने दात आंबतात. आमच्या गावी बोबडं बोलणाऱ्या पोराला अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड चावायला द्यायचे, मलाही दिलं होतं. लाळ सुटते, जीभ जड होते आणि आतून कोणी बारीक सुया टोचतंय असं वाटतं. त्याला आजोबा 'जीभ चरचरते' म्हणायचे. इंग्रजीत या सगळ्याला 'हॉट', नाहीतर 'नम्बिंग'. हॉट म्हणजे गरम की तिखट, हेसुद्धा त्यांना पुन्हा विचारावं लागतं.

शुद्धलेखनी
अक्कलकारा चरचरतो, तिरफळ चुणचुणतं, पायाला मुंग्या येतात. एकाच संवेदनेला चार गावांत चार शब्द. म्हणूनच प्रमाण शब्द एक हवा, असं माझं म्हणणं आहे. प्रत्येकाने आपल्या आजीचा शब्द छापायचा म्हटलं तर दुसऱ्याच्या आजीला तो कळणार नाही.

खाजणातली
मग एखाद्या तरी आजीचा घ्या ना! 'बधिर' हा कुणाच्याच आजीचा नाही, तो डॉक्टरांचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ बहिरा. कानाचा शब्द ओढून जिभेवर आणला तो चालतो, आणि जो जिभेवरच जन्मला तो बोलीतला म्हणून चालत नाही, हे मला मान्य नाही. कोकणातला शब्द दिसला की लगेच 'प्रादेशिक' हा शिक्का बसतो.

मूळशोधक
मिरचीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे आधी मिरी होती. पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून नवं फळ आलं, लोकांनी मिरीवरूनच त्याला मिरची म्हटलं. कुणी प्रमाण शब्द ठरवायला बसलं नव्हतं. चीनमध्येही हेच झालं. त्यांचा जुना शब्द 'च्याओ', आणि ही चुणचुणणारी मिरी 'ह्वा-च्याओ', म्हणजे फुलमिरी. काळी मिरी परदेशातून आली ती 'हू-च्याओ', हू म्हणजे परके लोक. सोळाव्या शतकाच्या शेवटी मिरची पोचली तिला पुढे 'ला-च्याओ' नाव पडलं. म्हणजे सिच्वानमध्ये 'मा' घरचा आहे आणि 'ला'चा आजचा मालक, मिरची, पाहुणा आहे. आपण समजतो त्याच्या बरोबर उलट.

सातासमुद्र
आणि 'शेजवान'बद्दल. मुंबईत गाडीवर जो लाल सॉस मिळतो, त्यात लसूण, मिरची, तेल, व्हिनेगर. ह्वा-च्याओ औषधालाही नाही. तो मुंबईचा पदार्थ आहे, त्याला 'सिच्वान' म्हटलं तर उलट खोटं ठरेल. प्रांताला सिच्वान म्हणा, चटणीला शेजवानच राहू द्या. शेजवान डोसा खाणाऱ्याला चेंगडूचा पत्ता नको असतो.

शुद्धलेखनी
म्हणजे चुकीचा उच्चार पुरेसा जुना झाला की तो बरोबर?

सातासमुद्र
भाषेत, हो.

दूरदेशी
इथे मला एक सांगावंसं वाटतं. इंग्रजीला शब्द नसला की ती काय करते हे सिंगापुरात रोज ऐकते. ड्युरियन, लिची जास्त खाल्ली की चिनी बायका म्हणतात 'शांग हुओ', अंगात आग चढली. इंग्रजीत काय म्हणणार? इथल्या लोकांनी 'हीटी' असा शब्दच करून टाकला. 'आज हीटी नको, बार्लीचं पाणी घे.' नवीन आलेले इंग्रज, ऑस्ट्रेलियन लोक थर्मामीटर शोधतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या आणि शेजारच्या चिनी आजींनी लिचीकडे बोट दाखवून 'हीटी' म्हटलं, तर त्यांनी लगेच मान हलवली, 'हो हो, उष्ण पडते.' दोघींची भाषा एक नाही, पण मधला शब्द मला समजावून सांगावाच लागला नाही.

तसंच जेवणाचं. वाढणारा यजमान म्हणतो 'मान मान छ्र', सावकाश खा. इंग्रजीला अशा वेळी फ्रेंचांकडून उसनं घ्यावं लागतं. आपल्या पंगतीत? 'सावकाश होऊ द्या!' शब्दाला शब्द. निघताना 'मान त्सोउ', सावकाश जा. आणि वाटेत भेटलं की 'जेवलात का?' हे आमंत्रण समजून इथल्या किती गोऱ्या लोकांची फजिती झाली असेल. आपल्याला कळतं की उत्तर फक्त 'हो, झालं' एवढंच द्यायचं असतं. पाटावरवंटा, तुमच्या लेखकाला जे इंग्रजीत परकं वाटलं, ते मराठीत आणताना परकं ठेवायलाच हवं का? मला वाटतं, अर्धं काम आपल्या भाषेत आधीच झालेलं आहे.

लवंगी
'सावकाश होऊ द्या' वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे आता बुफेत कुणी म्हणत नाही.

मूळशोधक
'सावकाश'चं मूळ स-अवकाश. जागा ठेवून, मोकळेपणाने. म्हणजे तो वेगाचा शब्द नाहीच, पोटात आणि पानावर जागा असू द्या असा...

शुद्धलेखनी
हे पटत नाही. सावकाशचा रुळलेला अर्थ हळू असाच आहे. तुम्ही मूळ सांगून चालू अर्थ खोडायला निघालात, आणि मघाशी शेजवानच्या वेळी चालू वापराची बाजू घेतली गेली!

मूळशोधक
ती बाजू मी घेतली नव्हती, सातासमुद्रांनी घेतली होती. माझं म्हणणं दोन्हीकडे एकच आहे: मूळ माहीत असावं.

पाटावरवंटा
सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या मी असं लिहिलंय: 'तिखट नव्हतं. जिभेला मुंग्या आल्या, तिरफळ दाताखाली आल्यावर येतात तशा.' 'मा' हा शब्द तसाच ठेवलाय. पण झिणझिणीतवरचा जीव सुटत नाहीये, शीर्षकासाठी तोच पाठवणार आहे. पुन्हा झणझणीत झाला तर भांडेन.

शुद्धलेखनी
तिरफळ देशावरच्या किती वाचकांना माहीत असेल?

लवंगी
मला नव्हतं. म्हणूनच विचारते, खाजणातली ताई, कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळेल? आणि घेताना काय बघायचं?

खाजणातली
कोकणी माल ठेवणारं दुकान बघ, तिथे हमखास मिळेल. तोंड उघडलेली, करड्या-हिरव्या रंगाची घे. काळी पडलेली जुनी असतात. घरी आणलीस की आधी एकेक करून बिया काढून टाक, नाहीतर कालवण कडवट होतं आणि दाताखाली वाळू आल्यासारखं लागतं. मग एक टरफल नुसतं ओठाला चोळून बघ आणि तुझ्या तोंडात कुठला शब्द येतो ते इथे लिही.

लवंगी
रविवारी आणते. बांगडा नाही मिळाला तर तूरडाळीच्या आमटीत चालेल का?