शब्दचर्चा: तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर, हिजडा, ख्वाजासरा, कुठे कुठला शब्द?

धागा

एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. विषय आहे भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ इथले ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचे कायदे. सगळीकडे सरसकट "तृतीयपंथी" लिहून चालेल का? केंद्राच्या 2019 च्या कायद्याच्या हिंदी नावात "उभयलिंगी व्यक्ति" असं आहे, तेच मराठीत घेऊ का? आणि क्रियापद कसं लावायचं, ती आली, तो आला की ते आले?

प्रतिसाद

उभयलिंगी कृपा करून नको. मराठीत हा शब्द आपण शाळेत गांडुळाच्या धड्यात शिकलोय, एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही इंद्रियं असलेला जीव. ट्रान्सजेंडरचा अर्थ तो नाहीच मुळी. जन्मल्यावर दाखल्यात जे लिंग लिहिलं गेलं ते आणि मोठं होताना माणसाला स्वतःची जी ओळख पटते ती, ह्या दोन गोष्टी जुळत नाहीत, बस एवढंच, शरीर चारचौघांसारखं असू शकतं. ज्यांची शरीररचना जन्मतःच वेगळी असते ते इंटरसेक्स, आणि 2019 च्या कायद्याने त्यांनाही ट्रान्सजेंडरच्याच व्याख्येत बसवलं आणि वर हिंदीत हे नाव ठेवलं, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ पक्काच.

सरसकट तृतीयपंथीही लिहू नका असं माझं मत आहे. आपल्याकडे तो रुळलाय, राज्य सरकार वापरतं, पेपरवाले वापरतात, आणि खूप जणी स्वतःला अभिमानाने तृतीयपंथी म्हणवतात, त्यांच्यासाठी तोच वापरा. पण त्यात "तृतीय" आलं ना, आणि कित्येक ट्रान्स बायका (दाखल्यात पुरुष, पण ओळख बाईची) म्हणतात आम्ही तिसऱ्या कुणी नाही, आम्ही बाई आहोत. ट्रान्स पुरुष (ह्याच्या उलट) तर ह्या शब्दातून पार निसटून जातात, कारण तृतीयपंथी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर साडी नेसलेली व्यक्तीच येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) याचिकेवरच्या 2014 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे बरोबर पकडलं होतं, माणूस स्वतःला पुरुष, स्त्री किंवा तिसरं लिंग यापैकी जे म्हणेल ते मानायचं आणि त्यासाठी ऑपरेशनचा आग्रह धरणं बेकायदा. मग 2019 च्या कायद्याने आधी कलेक्टरकडून ट्रान्सजेंडर असल्याचं सर्टिफिकेट घ्या आणि त्यावर स्त्री किंवा पुरुष हवं असेल तर ऑपरेशन झाल्याचा डॉक्टरी दाखला आणा, असं करून ठेवलं. छत्रीसारखा एकच शब्द हवा असेल तर पारलिंगी किंवा सरळ ट्रान्सजेंडर लिहा, आता सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

किन्नर चालेल का? ऐकायला सभ्य वाटतो.

प्रतिसाद

सभ्य वाटतो खरा, आणि 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थापासून ट्रान्सजेंडर साधूंचा किन्नर आखाडाही आहे, लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर. आखाड्याबद्दल लिहिताना किन्नरच लिहावं. पण हा हिंदीकडून आलेला शब्द आहे, पुराणातले किन्नर म्हणजे देवांचे गायक, आणि हिमाचलच्या किन्नौरमधल्या लोकांना आपलं नाव असं वापरलेलं आवडत नाही. मुसलमान किंवा ख्रिश्चन ट्रान्स व्यक्तीला तो का चिकटवायचा?

प्रतिसाद (उभयलिंगी शब्दाबद्दल वर लिहिणारा मीच)

आता शेजारचे देश. इथे भाषांतर करताना फार जपा, कारण तिथे कोर्टकचेरी ह्या शब्दांवरूनच झालीय.

बांगलादेशात कॅबिनेटने 2013 च्या नोव्हेंबरमध्ये हिजडा ह्या लिंगाला मान्यता दिली, 2014 च्या जानेवारीत गॅझेट निघालं. पण हिजडा म्हणजे कोण ते कुठेच लिहिलं नाही. समाजात हिजडा म्हणजे गुरू केला, घराण्यात गेली, साडी नेसते, टाळी वाजवते अशी व्यक्ती, आणि बाहेरच्या लोकांच्या समजुतीत मात्र जन्मतःच शरीरात काहीतरी वेगळं असलेली. पुढे 2015 मध्ये सरकारी नोकरीसाठी निवडलेल्या काही जणींना ढाक्यात मेडिकलला बोलावलं, अंगावरचे कपडे काढून तपासलं, आणि शरीर पुरुषाचं आहे तेव्हा ह्या हिजडा नाहीतच असं ठरवून टाकलं. नोकरी तर गेलीच, वर खोटारडी म्हणून बदनामी. एका ओळीची मान्यता, आणि तिचा अर्थ लावायचं काम डॉक्टरकडे, संताप येतो वाचताना. मग 2024 च्या सुरुवातीला सातवीच्या पुस्तकातल्या, शरीफची शरीफा झालेल्या व्यक्तीच्या धड्यावरून गदारोळ झाला तेव्हा विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हेच, की हिजडा चालेल, ते बिचारे जन्मतः तसे असतात, ट्रान्सजेंडर मात्र नको, ते पश्चिमेकडचं खूळ. म्हणून तिथल्या प्रकरणात हिजडाला तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर केलंत तर मूळ भांडणच वाचकाला दिसणार नाही. मराठीत हिजडा ही शिवी आहे हे खरं, पण बंगालीत सरकारी शब्द तोच आहे, तेव्हा तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खुलासा द्या.

पाकिस्तानात उर्दूत समाजाला पसंत असलेला शब्द ख्वाजासरा, मुघल दरबारातला, मानाचा (आपल्या जुन्या मराठीतला खोजा ह्याच ख्वाजावरून). 2009 मध्ये तक्षशिलेजवळ ख्वाजासरांच्या पोलिसी छळाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथून ओळखपत्राचा मार्ग मोकळा झाला. 2018 चा कायदा तर आपल्यापेक्षा एक वर्ष आधी आला आणि जास्त उदार होता, स्वतःला जे वाटतं तेच लिंग, डॉक्टर नाही, कमिटी नाही. त्याच्या व्याख्येत मात्र खुन्सा म्हणजे जन्मतः इंटरसेक्स, ख्वाजासरा, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष सगळे एकत्र होते, आणि 2023 च्या मे महिन्यात फेडरल शरियत कोर्टाने (कायदे इस्लामला धरून आहेत का ते तपासणारं कोर्ट) नेमकं तिथेच बोट ठेवलं, खुन्साला शरियतमध्ये स्थान आहे पण मनाने ठरवलेल्या लिंगाला नाही म्हणाले आणि ती कलमं रद्द ठरवली. वारसाहक्काचं कलमही त्यात गेलं. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो तिथे कागदावर कुठलं लिंग आहे ह्याला किती किंमत येते बघा. निकालाविरुद्ध अपिलं झाली. इथे खुन्सा आणि ख्वाजासरा ह्या दोघांनाही मराठीत एकच शब्द दिलात तर निकालच कळणार नाही.

नेपाळ ह्यात सगळ्यात आधी. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते सुनीलबाबू पंत आणि इतरांच्या केसमध्ये 2007 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तेस्रो लिंगी म्हणजे तिसरं लिंग मान्य केलं, आणि 2015 च्या संविधानात लैंगिक तथा यौनिक अल्पसंख्यक असे शब्दच आले. पण तिथेही रुक्षणा कपाली ह्या ट्रान्स स्त्रीला तिसरं नको होतं, महिला हवं होतं, त्या कोर्टात भांडल्या आणि जिंकल्या.

क्रियापदाचं सोपं आहे. ती व्यक्ती स्वतः "मी आले" म्हणते की "मी आलो" ते ऐका आणि तसंच लिहा. नपुंसकलिंगी "ते आलं" कधीच नाही, फार लागतं ते माणसाला. विचारायची सोयच नसेल तर आदरार्थी "त्या" किंवा "ते आले", नाहीतर "व्यक्ती" धरून वाक्य फिरवा.

धागालेखिका

मनापासून आभार. उभयलिंगी सगळीकडून काढलं, हिजडा, खुन्सा आणि ख्वाजासरा जसेच्या तसे ठेवते. नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावर "अन्य" लिहितात, त्याचं मराठीत "इतर" करू?

प्रतिसाद

अन्यच ठेवा. कागदावर तोच शब्द असतो आणि मराठी वाचकाला तो कळतोच. आपल्या फॉर्मबद्दल लिहाल तिथे मात्र बघून लिहा, कुठे इतर असतं, कुठे तृतीयपंथी, आणि महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तर तिसरा पर्यायच नव्हता, 2022 च्या डिसेंबरमध्ये हायकोर्टाने खडसावल्यावर आला. तो प्रसंग पुस्तिकेत नसेल तर जरूर घाला, आपल्या वाचकाला तो सगळ्यात जवळचा वाटेल.