प्रतिसाद: इनपुट ‘लो’च राहतं ते सेटिंगमुळे नाही

टाकीचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा) टेल्टोनिका राउटरच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत जोडलाय आणि इनपुट कायम ‘लो’ (म्हणजे बंद) दिसतं, असं तुम्ही म्हणता. वरच्या उत्तरांत कुणी फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) बदलायला सांगितलंय. उगाच त्रास घेऊ नका.

राउटरच्या या चार पिनांच्या पॉवर सॉकेटमध्ये लाल प्लस, काळी ग्राउंड, हिरवी इनपुट, पांढरी आउटपुट. इनपुटला बाहेरून व्होल्टेज लागतं. नुसता कोरडा संपर्क (स्वतःचं व्होल्टेज नसलेला स्विच) ग्राउंडला टेकवून काही होत नाही. म्हणून सप्लायचा प्लस फ्लोटमधून हिरव्या वायरीला द्या. 12 किंवा 24 व्होल्ट मिळाले की स्टेटस लगेच ‘हाय’ होईल. मग आय/ओ जगलरमध्ये (राउटरमधली ‘असं झालं की तसं कर’ ठरवायची सोय) तोच इनपुट निवडा, कृती म्हणून एसएमएस.

पांढऱ्या वायरीवर मीटर लावून ‘व्होल्टेजच येत नाही’ म्हणणारेही बरेच भेटतात. येणारच नाही, ते ओपन कलेक्टर आहे, फक्त ग्राउंडकडे ओढतं. रिलेच्या कॉइलचं एक टोक प्लसला, दुसरं पांढऱ्या वायरीला. कॉइलवर उलटा डायोड (पट्टीची बाजू प्लसकडे) लावाच, नाहीतर एक दिवस आउटपुट जाईल. आणि पंपाचा काँटॅक्टर (पंप चालू-बंद करणारा मोठा रिले) थेट या आउटपुटवर? अजिबात नको, मध्ये छोटा रिले हवाच.